साताऱ्याहून ‘ऑक्टोपसी’च्या उदयपूरला

चित्रपटातला भूगोल कसा रचला जातो, हे सातारा जिल्ह्यातल्या माणसाला वेगळे सांगावे लागत नाही. २००३ सालच्या ‘गंगाजल’मध्ये आमची वाई बिहारमधले तेजपूर झाली आणि २००४ सालच्या ‘स्वदेस’मध्ये मेणवलीचा घाट उत्तरेकडच्या चरणपूर गावाचा घाट झाला. वाईला राहणारा माझा मावसभाऊ ‘गंगाजल’च्या शूटिंगच्या वेळी जमावात उभा राहिलेला आहे. पडद्यावर गल्ली संपते तिथे प्रत्यक्षात काय आहे आणि कोपरा वळल्यावर दिसणारे घर खरे कोणत्या आळीतले आहे, हे तो चित्रपट चालू असतानाच सांगू लागतो. त्यामुळे जेम्स बाँडच्या चित्रपटमालिकेतल्या ‘ऑक्टोपसी’च्या जागा पाहण्यासाठी उदयपूरला जायचे ठरले, तेव्हा सोबतीला त्याच्याइतका योग्य माणूस दुसरा कोणी नव्हता.

बाँडपटांवर माझे प्रेम शाळेच्या दिवसांपासूनचे आहे, आणि त्यातही १९८३ सालचा ‘ऑक्टोपसी’ माझ्या मनात वेगळ्या जागी आहे. जॉन ग्लेन यांनी दिग्दर्शित केलेल्या या चित्रपटात रॉजर मूर बाँडच्या भूमिकेत आहेत, खलनायक कमाल खानचा अंगरक्षक गोविंदा आपल्या कबीर बेदींनी उभा केला आहे आणि बाँडचा भारतातला साथीदार म्हणून टेनिसपटू विजय अमृतराज यांनी काम केले आहे. विम्बल्डनच्या उपांत्यपूर्व फेरीपर्यंत दोनदा पोहोचलेला हा खेळाडू रिक्षाच्या पाठलागात टेनिसच्या रॅकेटने गुंडांना बडवतो, तेव्हा आम्ही मुले खुर्चीवरून उठून टाळ्या वाजवायचो. कबीर बेदींचे तर एकही वाक्य नसलेले दृश्य मला अजून तोंडपाठ आहे: बाँड कमाल खानचेच लबाड फासे वापरून त्याला हरवतो आणि गोविंदा ते फासे मुठीत धरून त्यांचा भुगा करतो.

साताऱ्याहून मुंबई आणि वांद्रे टर्मिनसहून थेट उदयपूरची गाडी, असा आमचा प्रवास झाला. त्याबद्दल विशेष लिहिण्यासारखे काही नाही. चित्तोडगड मागे पडल्यानंतर अरवलीच्या टेकड्या जवळ येऊ लागतात आणि पावसाळा नुकताच सरत आला असल्यामुळे त्या हिरव्यागार होत्या, एवढे मात्र नमूद करतो. चित्रपटाच्या पथकाने भारतातले काम १९८२ च्या सप्टेंबरमध्ये सुरू केले होते, म्हणून आम्हीही मुद्दाम तोच महिना निवडला होता. चित्रपटातल्या डोंगरांचा हिरवा रंग आणि तलावावरचा ओलसर उजेड त्याशिवाय जुळला नसता.

पिछोला तलावावर पहिल्यांदा नजर जाते तेव्हा ओळख पटायला वेळ लागत नाही. पाण्याच्या मधोमध पांढराशुभ्र जगनिवास उभा आहे. महाराणा जगतसिंह दुसरे यांनी १७४३ ते १७४६ या काळात बांधलेला हा महाल १९६३ मध्ये हॉटेल झाला आणि वीस वर्षांनी चित्रपटाच्या नायिकेचे, म्हणजे ऑक्टोपसीचे, निवासस्थान म्हणून जगभर पोहोचला. हॉटेलात उतरलेल्यांखेरीज किंवा आधी नोंदणी केलेल्यांखेरीज इतरांना त्या बेटावर पाऊल ठेवता येत नाही. आम्ही सिटी पॅलेसच्या रामेश्वर घाटावरून होडीत बसलो आणि महालाला वळसा घातला. होडी भिंतीच्या अगदी जवळून जाते, तेव्हा कमानींखाली पाण्याची पातळी दाखवणारे हिरवट पट्टे दिसतात. बाँड मगरीच्या आकाराच्या छोट्या पाणबुडीतून लपत याच महालाकडे येतो. ती मगर नेमकी कुठल्या बाजूने आली असेल यावर आमची बराच वेळ चर्चा चालली, आणि नावाडीही त्यात हिरिरीने सामील झाला. त्याच्या मते पूर्वेकडून येणे शक्यच नाही, कारण तिकडे थेट सिटी पॅलेसच्या खिडक्या आहेत.

मावसभावाची नजर इथे खरी कामाला आली. पडद्यावर ऑक्टोपसीचा महाल एकच दिसतो, पण त्यासाठी चित्रीकरण दोन बेटांवर झाले आहे: एक जगनिवास आणि दुसरे दक्षिणेकडचे जगमंदिर. जगमंदिरावर सर्वांना उतरता येते आणि धक्क्याजवळच पांढऱ्या दगडी हत्तींची रांग स्वागताला उभी असते. त्या हत्तींपाशी उभे राहून जगनिवासाकडे पाहिले की दोन बेटांमधले पाणी संकलकाने कसे नाहीसे केले असेल ते समजते. जगमंदिराची स्वतःची कथा तर कोणत्याही हेरकथेपेक्षा कमी नाही. वडील जहांगीर यांच्याविरुद्ध बंड केलेल्या शहजादा खुर्रमला, म्हणजे पुढच्या शाहजहानला, मेवाडच्या महाराणांनी याच बेटावर आश्रय दिला, आणि १८५७ मध्ये नीमचहून पळून आलेल्या युरोपीय कुटुंबांनाही महाराणा स्वरूपसिंहांनी इथेच ठेवले. योगायोग असा की बाँड भारतात येतो तेव्हा पडद्यावर आधी त्याच शाहजहानचा ताजमहाल दिसतो आणि लगेच पिछोल्याचा घाट येतो. आग्रा ते उदयपूर हे सहाशे किलोमीटरहून अधिक अंतर चित्रपटाने एका श्वासात पार केले आहे.

जुन्या शहरातल्या गल्ल्यांबद्दल मात्र थोडे मनापासून लिहायला हवे. रिक्षाचा पाठलाग वेगवान आणि मजेदार आहे, यात शंका नाही. पण गारुडी, तलवार गिळणारा, निखाऱ्यांवरून चालणारा आणि खिळ्यांच्या पलंगावरचा साधू या सगळ्यांना एकाच बाजारात गोळा करून भारत दाखवण्याची ती रीत मला लहानपणीही खटकली होती आणि आज त्याहून जास्त खटकते. जगदीश मंदिराच्या पायऱ्यांवरून खाली गणगौर घाटाकडे चालत गेलो, तर वाटेत लघुचित्रे रंगवणारे कारागीर, चांदीचे दागिने घासणारी दुकाने आणि कचोरीच्या कढया होत्या. एक चित्रकार खारीच्या शेपटीच्या केसांच्या कुंचल्याने हत्तीच्या झुलीवरची नक्षी रेखत होता. रेषा इतकी बारीक होती की तो श्वास रोखून धरायचा आणि कुंचला उचलल्यावरच सोडायचा. १६५१ सालचे ते मंदिर आणि त्याच्या सावलीतली ही कामे, एवढ्यावरही कॅमेरा थांबला असता तरी पाठलागाची रंगत उणावली नसती.

सगळ्यात जास्त वेळ आम्ही सज्जनगढला दिला. आम्हा सातारकरांच्या मनात हे नाव समर्थांच्या समाधीशी बांधलेले असले, तरी इथला गढ महाराणा सज्जनसिंहांचा आहे. शहराच्या पश्चिमेला ९४४ मीटर उंचीच्या बांसदरा टेकडीवर तो उभा आहे आणि पर्यटक त्याला मान्सून पॅलेस म्हणतात. चित्रपटात हाच कमाल खानचा वाडा. बाँड इथेच कैदेत असतो, पेनातल्या आम्लाने खिडकीचे गज वितळवून निसटतो, आणि शेवटी ऑक्टोपसीच्या कसरतपटू मुली याच वाड्यावर चढाई करतात, तर बाँड गरम हवेच्या फुग्यातून वर येतो. यातले बाहेरचे दर्शन तेवढे इथले आहे. आतली दालने इंग्लंडमधल्या पाइनवूड स्टुडिओत उभारलेली होती, जशी चित्रपटातली जर्मनीची रेल्वेही इंग्लंडमधल्या पीटरबरोजवळच्या नेने व्हॅली मार्गावर धावलेली आहे. त्यामुळे आत शिरल्यावर कमाल खानची मेजवानी शोधणाऱ्याला मोकळी दालने, चुन्याचा गिलावा आणि पाना-फुलांची कोरीव नक्षी असलेले संगमरवरी खांब एवढेच भेटते.

मला ते पुरेसे होते, किंबहुना तिथेच हा प्रवास सार्थ झाल्यासारखे वाटले. सज्जनसिंहांनी १८८४ मध्ये या वाड्याचे काम काढले ते पावसाचे ढग येताना पाहता यावेत म्हणून, आणि त्याच वर्षी ऐन पंचविशीत त्यांचे निधन झाले. पुढे महाराणा फतेहसिंहांनी काम पुरे केले. यवतेश्वरच्या घाटात ढग अंगावरून जाताना गाडी बाजूला घेऊन उभे राहणाऱ्या माणसाला त्या महाराण्याची हौस समजावून सांगावी लागत नाही. पश्चिमेकडच्या सज्जात आम्ही उभे होतो तेव्हा अरवलीच्या एकामागून एक रांगांवर पाऊस सरकत होता. मावसभाऊ म्हणाला, “दादा, हे त्यांनी दाखवलंच नाही बघ.” खरोखरच, मान्सून पॅलेसमध्ये घडणाऱ्या एवढ्या मोठ्या कथेत मान्सूनला जागा मिळालेली नाही. पावसासाठी बांधलेले घर पडद्यावर केवळ खलनायकाचा किल्ला होऊन राहिले आहे.

ज्यांना जायचे असेल त्यांनी सज्जनगढ दुपार कलल्यावर गाठावा. सभोवतालचे जंगल १९८७ पासून अभयारण्य असल्यामुळे पायथ्याच्या फाटकावर तिकीट काढावे लागते, आणि वर नेणाऱ्या गाड्या तिथेच मिळतात. वरून फतेहसागर आणि पिछोला हे दोन्ही तलाव एका नजरेत येतात, तेव्हा आदल्या दिवशी होडीतून पाहिलेली बेटे नकाशावर मांडल्यासारखी दिसतात. म्हणून आधी पाणी आणि मग डोंगर, हाच क्रम ठेवावा. बाँड ज्या हॉटेलात उतरतो ते शिवनिवास सिटी पॅलेसच्या आवारात आहे आणि त्याचा अर्धचंद्राकार सज्जा राजवाडा पाहतानाच जमेल तसा पाहून घेता येतो. त्यासाठी वेगळा दिवस राखण्याची आवश्यकता नाही.