तुम्ही विचारलंत म्हणून: होडीला खर्च किती येतो?

लग्नात भेटा, बँकेच्या रांगेत भेटा, प्रश्न ठरलेला. "काय ओ, त्या होडीवर वर्षाला किती घालताय?" आकडा सांगितला की लगेच दुसरा, "मग विकून का टाकत नाही?" आता एकदाच सगळं लिहितो.

गेल्या वर्षी ७० हजारांच्या आसपास गेले. नवं शीड शिवायचं वर्ष असलं की लाखाच्या पुढं जातात. होडी अठरा फुटी, सागवानी, एका डोलकाठीची. देवगडच्या एका घरानं फायबरची घेतली तेव्हा ही माझ्याकडं आली, आणि तिथल्याच खाडीत असते. फिरवली नाही तरी तिचा खर्च चुकत नाही, हे इथं कोल्हापुरात कुणाला पटत नाही. खाऱ्या पाण्यात ठेवली तर लाकूड पोखरलं जातं. कोरड्यावर ठेवली तर फळ्या आकसतात आणि सांधे उघडतात.

पोखरणारा जीव शिंपल्यांच्या कुळातला आहे. बाहेरून फळीवर टाचणीच्या डोक्याएवढं भोक दिसतं, बाकी रंग शाबूत. मिस्त्रींनी एकदा तिथं पटाशी टेकवली तर ती मुठीपर्यंत आत गेली. फळी उकलली. आत बोटभर जाडीचे बोगदे, एकाला एक लागून, आतून चुना सारवल्यासारखे पांढरे. ती फळी मी आदल्याच वर्षी रंगवली होती.

लोखंडी खिळे खाऱ्या पाण्यात गंजतात आणि भोवतालचं लाकूडही नासवतात, म्हणून एकेक काढून तांब्याचे मारायचे. शिडाचं कापड धडधाकट दिसतं, पण उन्हानं दोरा कुजलेला असतो आणि शिवण हातानं उसवते. सुकाणूच्या बिजागऱ्या मात्र कोल्हापूरनंच दिल्या. जुना तुकडा घेऊन उद्यमनगरात गेलो, गनमेटल या तांब्याच्या मिश्रधातूत ओतून, लेथवर भोक मारून मिळाल्या. तो कारागीर समुद्राकडं फारसा गेलेला नाही, पण भोक किती सैल हवं हे त्यानंच मला सांगितलं.

शर्यतीच्या बैलाच्या खुराकाचा हिशेब आपल्याकडं कुणी मागत नाही. पोरगं तालमीत घातलं की बदाम-तुपाचाही मागत नाहीत. माझ्याकडं का मागता? हे मी बऱ्याचदा चिडून बोललोय. पूर्वी "हौसेला मोल नसतं" म्हणून विषय तोडायचो. आता तसं म्हणवत नाही. मोल आहे, पावत्या जपून ठेवल्यात, आणि २०१९ नंतर तर ते नुसतं पैशात मोजता येत नाही.

त्या वर्षी मे महिन्यात मोठ्या दुरुस्तीसाठी होडी टेम्पोत घालून गगनबावड्यावरून इथं आणली. शाहूपुरीत, कुंभार गल्लीजवळ आमची शेड आहे. तिथं लाकडी घोड्यांवर पालथी घातली. पाणी आत येऊ नये म्हणून सांध्यांत ठासलेला जुना कापूस सगळा उकरून काढलेला, तळाची एक फळी सोडवलेली. नवा कापूस ठासायचा बाकी होता. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात पंचगंगा चढली. धोक्याची पातळी ४३ फूट, त्या वेळी राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. गल्लीत छातीला लागलं, शेडचा जोता उंच म्हणून आत गुडघाभर. समोरच्या घरात दोघंच म्हातारी माणसं, माडीवर अडकलेली. आजोबांच्या गोळ्या संपल्या होत्या.

रात्री तालमीतली पोरं आली. "काका, होडी काढा."

मी म्हटलं, "बुडेल ती."

"आवो, होडी हाय न्हवं?" एकानं तर ती सरळ करायला हात घातला. मी बॅटरी आतल्या बाजूनं धरली. प्रत्येक सांध्यातून उजेडाची रेघ बाहेर आली, आणि काढलेल्या फळीच्या जागेतून तर सरळ त्याच्या तोंडावर पडला. तो थांबला. जाता जाता म्हणाला, "मग ठेवलीया कशाला?"

म्हाताऱ्यांना दुसऱ्या दिवशी दुपारी बचाव पथकानं रबरी बोटीतून काढलं. दोघंही सुखरूप. पण ती रात्र आणि ती सकाळ मी खिडकीतून त्यांच्या माडीकडं बघत काढली.

८ ऑगस्टला सांगली जिल्ह्यात ब्रह्मनाळला पूरग्रस्तांना नेणारी बोटच उलटली, माणसं गेली. ते कळल्यावर बायको म्हणाली, "बरं झालं, दिली नाहीत." मला तो आधार घेववत नाही. सांधे भरलेले असते तर मी होडी दिलीच असती. लोंबत्या तारांखालून, त्या ओढीत, नुसत्या वल्ह्यांवर ती सांभाळली असती का? पोरांना घेऊन उलटली असती का? दोन्ही बाजूंनी विचार करून झाला, उत्तर हाती लागत नाही. तुम्ही खर्चाचं विचारता तेव्हा मला त्या पोराचा प्रश्न ऐकू येतो, आणि माझ्या आवाजात धार येते ती त्यामुळं. तुमचा त्यात दोष नाही.

मग ठेवलीय कशाला? पहाटे जमिनीकडून सुटणाऱ्या मतलई वाऱ्यावर खाडीतून बाहेर पडायचं, दुपारी वारा समुद्राकडून फिरला की त्यावरच परत यायचं. इंजिन नाही, बसवणारही नाही. शीड भरलं की फळ्या कुरकुरतात, तो आवाज ऐकायला मी घाट उतरून जातो. ७० हजारांना हे पुरेसं कारण आहे का? मला आहे. घरात मी एकटाच तसं मानतो.

बायकोचं म्हणणं साधं आहे. २०२१ ला पाणी पुन्हा आलं, पुढंही येणार. होडी विकावी आणि त्या पैशात तालमीला सपाट तळाची, दहा माणसं बसतील अशी चांगली बोट घेऊन द्यावी. तिचं खोडून काढायला माझ्याजवळ काही नाही. चौकशी केली, एक गिऱ्हाईकही आलं होतं. त्याला होडी एका रिसॉर्टच्या हिरवळीवर शोभेला ठेवायची होती. त्याला नाही म्हटलं. तालमीच्या बोटीसाठी घरातले पैसे थोडे बाजूला काढतोय. आणि तळाच्या आणखी दोन फळ्या बदलायच्या आहेत, त्यासाठी मिस्त्रींना गेल्या आठवड्यात उचल देऊन आलोय.