परतीच्या दिवशी पिशवीत सापडलेले केळीचे पील

मी खान्देशातील एका कृषी महाविद्यालयात वनस्पतिरोगशास्त्र शिकवते. आमच्या अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांचा अभ्यासदौरा तैवानला जाणार असे ठरले, तेव्हा त्यांच्यासोबत जाण्याची जबाबदारी साहजिकच माझ्याकडे आली, कारण दौऱ्याचा मुख्य विषय केळी आणि मातीतल्या बुरशीमुळे तिला होणारा मर रोग हा होता. वर्गातील बहुतेक मुले रावेर, यावल आणि चोपडा या तालुक्यांतली होती. त्यांच्या घरांत लग्नाची तारीखसुद्धा मृगबाग लागली की कांदेबाग निघाली, म्हणजे केळीच्या दोन लागवड-हंगामांतला कोणता चालू आहे, हे पाहून ठरते. ‘जळगाव केळी’ला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, ही गोष्ट या मुलांनी परीक्षेसाठी पाठ केलेली नव्हती; ते त्यांच्या घरचे अप्रूप होते.

तैवानच्या दक्षिणेकडील पिंगतुंग आणि काओश्युंग हा भाग एके काळी केळीवर जगत असे. 1960च्या दशकात तेथून जपानला मोठ्या प्रमाणावर केळी जात असत. त्याच दशकाच्या अखेरीस पिंगतुंगमधील कॅव्हेंडिश गटाच्या बागांत मर रोग दिसू लागला. त्यापूर्वी मध्य आणि दक्षिण अमेरिकेत याच बुरशीच्या जुन्या प्रकाराने ‘ग्रो मिशेल’ या जातीच्या बागा संपवल्या होत्या आणि त्या रोगाला बळी पडत नाही म्हणून जगाने कॅव्हेंडिश स्वीकारली होती. आमच्याकडची बसराई, श्रीमंती आणि आता घरोघर लावली जाणारी जी-नाइन या सर्व त्याच कॅव्हेंडिश गटातल्या आहेत. तैवानमध्ये जो प्रकार कॅव्हेंडिशलाही मारू लागला, त्याला आज ‘टीआर-4’ (ट्रॉपिकल रेस 4) म्हणतात. ऑस्ट्रेलिया, चीन, फिलिपिन्स, मोझांबिक असा प्रवास करत तो 2019 मध्ये कोलंबियात आढळला. आपल्या देशात बिहार आणि उत्तर प्रदेशातील बागांत त्याची नोंद झालेली आहे. खान्देशातील केळी याच उत्तरेकडे ट्रकांनी जाते, आणि ट्रक परतही येतात.

हा रोग वर्गात फळ्यावर शिकवणे आणि त्याने उद्ध्वस्त झालेली बाग पाहणे यांत फार अंतर आहे. जुनी पाने कडेने पिवळी पडून देठाशी मोडतात आणि खोडाभोवती परकरासारखी लोंबतात. खोड बुंध्याशी उभे चिरते, आणि आडवे कापले तर आत तांबूस-तपकिरी वलये दिसतात, कारण बुरशीने पाणी वाहून नेणाऱ्या नलिका तुंबवलेल्या असतात. रोग एकदा लागला की झाड बरे करणारे औषध नाही. बुरशीचे जाड भिंतीचे बीजाणू केळी काढून टाकल्यावरही मातीत अनेक दशके जिवंत राहतात. आमच्याकडे हरण्या या विषाणूजन्य रोगाची लागण झाली की शेतकरी रोपे उपटतो, मोठा तोटा सोसतो, पण पुढच्या हंगामात पुन्हा लागवड करू शकतो. टीआर-4 आलेल्या शेतात मात्र जी-नाइनची बाग पुन्हा उभी राहत नाही.

दौऱ्यातील सर्वात महत्त्वाची भेट पिंगतुंगच्या तैवान केळी संशोधन संस्थेची होती. तेथील शास्त्रज्ञांनी ऊतीसंवर्धनातून, म्हणजे झाडाचा बारीक तुकडा प्रयोगशाळेत वाढवून, हजारो रोपे तयार करून ती रोगट जमिनीत लावली आणि जी तगली त्यांतून निवड करत रोगाला बऱ्यापैकी तोंड देणारे वाण मिळवले. ऊतीसंवर्धनात काही रोपे मूळ झाडापेक्षा थोडी वेगळी निघतात. प्रयोगशाळा एरवी हा दोष समजून ती फेकून देतात. या लोकांनी त्याच दोषाचा उपयोग करून घेतला. त्यांतला 218 क्रमांकाचा वाण पुढे ‘फॉर्मोसाना’ या नावाने शेतकऱ्यांकडे गेला. हे ऐकताना आमच्या मुलांच्या चेहऱ्यांवर जी उत्सुकता होती, ती मी वर्गात क्वचितच पाहिली आहे.

शेवटच्या दिवशी सकाळी न्याहारीपूर्वी मी सर्वांना बूट-चपला घेऊन हॉटेलच्या मागच्या अंगणात बोलावले होते. आदल्या दिवशी आम्ही काओश्युंगच्या चिशान भागातील एका शेतकऱ्याची बाग पाहिली होती आणि तेथील मातीचा कणही खान्देशात येऊ नये असा माझा आग्रह होता. नुसते निर्जंतुक द्रावण ओतून हे काम होत नाही, कारण माती आणि काडीकचरा चिकटलेला असेल तर द्रावणाची शक्ती त्यातच खर्च होते. म्हणून आधी तळव्यांच्या खाचांतून माती कोरून काढायची, मग घासायचे, मग धुवायचे आणि शेवटी द्रावणात बुडवून ठेवायचे, असा क्रम ठरवला होता. मुलांनी जुने दातघासणीचे ब्रश आणि सेफ्टी पिना घेतल्या. बुटाच्या एका खाचेतून निघालेली वाळलेल्या चिखलाची वडी एका मुलीने तळहातावर धरून मला दाखवली. ती तांदळाच्या दाण्याएवढीही नव्हती. एवढीशी माती पुरेशी आहे का, असे तिने विचारले. मी होय म्हटले आणि ती वडी कागदात गुंडाळून बादलीतल्या द्रावणात टाकायला लावली.

बुटांनंतर मी बॅगा तपासायला घेतल्या. शेतात वापरलेल्या टोप्या, पिशव्या, छत्र्यांची टोके हे सगळे पाहणे आवश्यक होते. चोपडा तालुक्यातील एका विद्यार्थ्याने मात्र बॅग उघडायला वेळ लावला. तो वर्गातला सर्वात सरळ मुलगा. शेवटी त्यानेच ओल्या टॉवेलात गुंडाळलेली वस्तू काढून माझ्यासमोर ठेवली. टॉवेल उलगडला तर आत हातभर लांबीचे, तलवारीच्या पातीसारख्या अरुंद पानांचे, कंदासकट काढलेले केळीचे पील, म्हणजे लागवडीसाठी वापरतात तो बुंध्याशी आलेला फुटवा, होते. कंदाच्या मुळांना ओली काळसर माती तशीच चिकटलेली होती. आदल्या दिवशीच्या बागेच्या मालकाला त्याने खुणांनी विनंती केली होती आणि लांबून आलेल्या शेतकऱ्याच्या मुलाला त्या माणसाने ते कौतुकाने खणून दिले होते.

मला राग आला नाही, हे मुद्दाम नोंदवते, कारण त्याने जे केले त्यामागचा विचार ऐकल्यावर राग येणे शक्यच नव्हते. त्याच्या घरची बाग आदल्या हंगामात हरण्याने गेली होती. वडिलांनी लागण झालेली रोपे उपटून बांधावर टाकली, त्या दिवशी घरात चूल पेटली नाही, असे त्याने सांगितले. ‘‘मॅडम, हे तर रोगाला दाद न देणारं वाण आहे. संस्थेतच सांगितलं ना? मग यापासून आपल्याला धोका कसा? घरच्या बागेत एका कोपऱ्यात लावतो, फुटवे वाढवतो, दोन-तीन वर्षांत सगळ्या गावाला देता येतील.’’

त्याचा प्रश्न चुकीचा नव्हता. माझ्या मते रोगशास्त्रातील सर्वात धोकादायक गैरसमज याच ठिकाणी होतो, आणि तो हुशार माणसांचाच होतो. रोगाला तोंड देणारे झाड म्हणजे रोगमुक्त झाड नव्हे. अशा झाडाच्या मुळांत बुरशी शिरलेली असू शकते. झाड फक्त कोलमडत नाही. पील वरून निरोगी आणि टवटवीत दिसते आणि म्हणूनच कोणाला शंका येत नाही. नाजूक जातीचे रोगट पील काही महिन्यांत पिवळे पडून आपली ओळख देते. तगणाऱ्या जातीचे पील मात्र बुरशी गुपचूप मातीत सोडत राहते आणि शेजारची जी-नाइन कोसळेपर्यंत कोणाला कळत नाही. रोगट प्रदेशातून आणलेल्या तगणाऱ्या वाणाची मी सर्वाधिक धास्ती घेते. हे मी त्याला अंगणातच, बादल्यांच्या मधोमध उभे राहून समजावून सांगितले.

तो ऐकत होता, पण पटल्याचे चेहऱ्यावर दिसत नव्हते. काही मुलांनी त्याची बाजू घेतली. एकच पील आहे, माती धुऊन टाकू, कंद द्रावणात बुडवू, असे ते म्हणू लागले. कंदाच्या आतल्या नलिकांत असलेली बुरशी बाहेरून धुऊन निघत नाही, हे मी सांगत असतानाच त्याच्या शेजारच्या गावातली एक विद्यार्थिनी पुढे आली. ‘‘तुमच्या शेताखालून जो नाला येतो ना, तो आमच्या मळ्यातून जातो,’’ एवढेच ती त्याला म्हणाली. माझ्या सगळ्या शास्त्रापेक्षा ते वाक्य त्याला लवकर समजले.

तरीही त्याने वडिलांना विचारू देण्याची परवानगी मागितली आणि मी ती दिली. तैवानची घड्याळे आपल्यापेक्षा अडीच तास पुढे असल्यामुळे गावी अजून पहाटच होती, पण रात्रीच्या विजेवर पाणी भरायला गेलेले वडील मोटारीपाशी जागेच होते. फोनच्या आवाजामागे पाण्याचा आवाज येत होता. मुलाने अहिराणीत सगळी हकिगत सांगितली. वडिलांनी मध्ये एकदाच, माती लागलेली आहे का, असे विचारले. मुलगा हो म्हणाल्यावर ते म्हणाले, ‘‘मॅडम सांगतस तसंच कर. तठलं तठेच राहू दे.’’ नंतर त्यांनी मला फोन द्यायला सांगितला आणि मुलाला रागावू नका, अशी विनंती केली. मी रागावलेली नाही, हे त्यांना सांगितले.

पील आणि टॉवेल आम्ही एकावर एक अशा दोन जाड प्लॅस्टिकच्या पिशव्यांत बांधले. कचराकुंडीत टाकणे मला मान्य नव्हते, कारण त्यातून ते दुसऱ्या कुठल्या जमिनीवर पोहोचले असते. आमचा दुभाषा चिशानच्याच बाजूला राहणारा होता. त्याने ती पिशवी त्याच बागेत, त्याच मालकाकडे परत नेण्याचे कबूल केले आणि दुपारी तसा फोटोही पाठवला. ज्या खोलीत बॅग ठेवली होती तेथील फरशी मुलांनी स्वतः पुसली.

त्सोयिंग स्थानकावरून ताओयुआन विमानतळाकडे जाणाऱ्या अतिवेगवान गाडीत तो मुलगा माझ्या शेजारी येऊन बसला. खिडकीबाहेर भातखाचरे आणि कारखाने एकमेकांना लागून सरकत होते, पण त्याचे लक्ष तिकडे नव्हते. मग असे वाण आपल्याकडे येणारच नाही का, असे त्याने विचारले. येऊ शकते, आणि त्याचा रस्ता कोणता हे आम्ही त्या प्रवासात वहीत मांडले. 2003च्या वनस्पती विलगीकरण आदेशानुसार आयातीचा परवाना आणि ज्या देशातून माल येतो तेथील वनस्पती आरोग्य प्रमाणपत्र लागते. संशोधनासाठी येणारे वाण दिल्लीच्या राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन ब्यूरोमार्फत येते. ते मातीसकट पिलाच्या रूपात आणण्याऐवजी काचेच्या बंद नळीतल्या निर्जंतुक ऊतीच्या रूपात आणतात आणि विलगीकरणात तपासून मगच पुढे सोडतात. त्यानंतरही आपल्या उन्हात, आपल्या जमिनीत ते कसे येते, घड किती भरतो, व्यापारी ते घेतो का, हे पाहायला काही वर्षे जातात. हे ऐकून तो थोडा खचला. तापीकाठचा शेतकरी इतकी वर्षे थांबू शकत नाही, असे तो म्हणाला, आणि त्याच्या म्हणण्यात तथ्य आहे. पण रोग आत येऊ न देण्याचे काम मात्र त्याच्या वडिलांना आजपासून करता येते, असे मी त्याला सांगितले.

त्यावर त्याने जे मांडले, ते मी कोणत्याही व्याख्यानात मांडलेले नव्हते. विमानतळावर आपण एवढी काळजी घेणार आणि गावात उत्तरेकडून परत आलेला ट्रक थेट बागेच्या तोंडाशी येऊन उभा राहणार. त्याच्या चाकांना कुठली माती आहे, हे कोणी विचारत नाही. रिकामी प्लॅस्टिकची कॅरेट एका बागेतून दुसऱ्या बागेत फिरतात. कापणीची टोळी एकाच दिवशी तीन गावांत काम करते, आणि त्यांचे कोयते आणि चपला कोणी धूत नाही. पील कापायचा विळा तर गल्लीतल्या चार घरांत मिळून एकच असतो. विमानतळावर विमानाची वाट पाहत असताना बाकीची मुलेही त्यात सामील झाली आणि आपापल्या शेताचे नकाशे काढू लागली. रस्ता कुठे, नाला कुठे, ट्रक कुठपर्यंत येतो, पाणी कुठल्या बाजूने वाहते, हे प्रत्येकाला तोंडपाठ होते. नाल्याचा उल्लेख करणाऱ्या त्या मुलीने दोन्ही शेते एकाच कागदावर काढली, कारण त्यांचा प्रश्न एकच होता.

त्या मुलाच्या शेतात आता ट्रक बांधाच्या आत येत नाही. घड डोक्यावरून रस्त्यापर्यंत आणले जातात, टोळीला कोयते बुडवण्यासाठी द्रावणाची बादली ठेवलेली असते आणि कॅरेट धुतल्याशिवाय आत घेतली जात नाहीत. शेजारच्या दोन-तीन बागायतदारांनीही हे सुरू केले आहे. अडचण मजुरीची आहे. घड वाहण्याचे अंतर वाढले की टोळी जास्त पैसे मागते, व्यापारी तो खर्च भावातून कापतो आणि बोर्डाचा (बाजारात जाहीर होणारा) भाव पडलेला असेल त्या आठवड्यात शेतकरी ट्रक पुन्हा आत घेण्याच्या विचारात असतो. हा वाढीव खर्च व्यापाऱ्यानेही वाटून घ्यावा, अशी मागणी गावातील बागायतदारांनी बाजार समितीकडे करावी म्हणून त्या दोन विद्यार्थ्यांनी अर्जाचा मसुदा तयार केला आहे आणि रोगशास्त्राची बाजू मांडायला मी त्यांच्याबरोबर जाणार आहे.