मामांच्या गाळ्यातले अकरा पॅक

इंदूरला मालवा मिलजवळ मामांचं बॅटरी-इन्व्हर्टरचं दुकान आहे. लेड-ॲसिडची जुनी बॅटरी आली की मामा काट्यावर ठेवतात, तेवढे पैसे नव्या बॅटरीतून कमी करतात आणि दोन दिवसांत जुनी उचलून नेलेली असते. लिथियमचं तसं काहीच नाही. गाळ्यात ई-रिक्षाचे अकरा पॅक कधीचे पडलेत, अटालेवाला, म्हणजे भंगारवाला, बघतो आणि नको म्हणतो.

शिशाचं मोल वजनावर कळतं, लिथियम बॅटरीचं आत काय भरलंय त्यावर. एनएमसी, म्हणजे निकेल-मँगनीज-कोबाल्टची असेल तर निकेल-कोबाल्ट निघतं. आपल्या ई-रिक्षांच्या लिथियम पॅकांत बहुतेक एलएफपी, लोखंड आणि फॉस्फेट, मग तांबं, ॲल्युमिनियम सोडलं तर कमाई लिथियमवरच. आणि लिथियमचा भाव बघा, 2022 च्या शेवटी चीनमध्ये लिथियम कार्बोनेट टनाला जवळपास 6 लाख युआनला गेलं होतं, 2023 संपता संपता 1 लाखाच्या आसपास आलं. वर्षभरात. वरचा भाव धरून ज्यांनी मशिनरी घेतली त्यांचे हप्ते काही कमी झाले नाहीत ना.

म्हणून मला मनापासून वाटतं की जुन्या लिथियम बॅटऱ्या रिसायकल करायचं हे काम सरासरी भाव धरून आखूच नये. समजा बऱ्या वर्षी किलोमागे 30 रुपये सुटले, वाईट वर्षी 10 गेले, कागदावर सरासरी 10 चा फायदा दिसतो, पण वाईट वर्ष आधी आलं तर बऱ्या वर्षापर्यंत टिकायचं कसं? यावर ऑपरेशन्स रिसर्चवाल्यांची, म्हणजे गणिताने निर्णय आखणाऱ्यांची, एक रीत आहे, तिला टू-स्टेज स्टोकॅस्टिक प्रोग्रॅमिंग म्हणतात. जागा, शेड, मशीन हे एकदा घेतलं की घेतलं, ते आज ठरवायचं, कुठला माल कुठे आणि काय भावाने पाठवायचा ते भाव कळल्यावर. भाव, माल किती येईल, एलएफपी किती निघेल, सगळ्याचे वेगवेगळे अंदाज मांडून आजचा निर्णय त्या सगळ्यांत तग धरतो का ते बघायचं.

मी मांडलं तर पीथमपूरला बॅटऱ्या दळायचा मोठा श्रेडर वाईट अंदाजांत बुडतो. सांवेर रोडला तपासणी, डिस्चार्ज आणि छाटणीची छोटी शेड मात्र टिकते. कारण रविवारी कळलं. मामांनी 51.2 व्होल्ट, 105 एएचचा एक पॅक उघडला, आत 16 सेल ओळीने, मी मल्टिमीटर लावत गेले, 3.28, 3.29, 3.28, आणि सातव्यावर 1.1. एका सेलपायी अख्खा पॅक भंगारात आला होता! बाकीचे पंधरा, कपॅसिटी तपासून, एखाद्या दुकानाच्या इन्व्हर्टरला आणखी काही वर्षं चालतील. असा माल दळायचाच कशाला?

2022 च्या बॅटरी वेस्ट नियमांमुळे कंपन्यांवर जबाबदारी आलीय, ईव्ही बॅटरीतून 2026-27 पासून 90 टक्के माल परत काढायचाय, त्यामुळे माल परत काढल्याच्या सर्टिफिकेटचेही पैसे रिसायकलरला कंपन्यांकडून मिळतात. पण त्याचाही भाव हलतो, म्हणून तो मी वरकमाईत धरलाय.

खरी अडचण मामांनी दाखवली. ट्रक भरेपर्यंत थांबलं तर भाडं परवडतं, पण अकरातले दोन पॅक फुगलेत, असे पॅक पेटू शकतात.

"तोवर हे इथेच ठेवायचे का गं?"

नाही ठेवायचे. दोन्ही आधीच वाळूत, बाकीच्यांपासून लांब ठेवलेत. असे पॅक वेगळे बांधून अर्ध्या रिकाम्या टेंपोतूनसुद्धा आधी जायचे, आणि तो खर्च मी आता प्रत्येक अंदाजात घातलाय.