कुत्र्याला रानात फिरवताना घोणस भेटते तेव्हा: माझा अनुभव

मुळशी-मावळच्या पट्ट्यात कुत्र्याला रोज मोकळ्या रानात नेणाऱ्याला साप दिसणारच. सागाची लागवड, घाणेरीची जाळी, भातखाचरांचे बांध, पडके दगडी गडगे या सगळ्यांत उंदीर आणि बेडूक भरपूर, म्हणून सापही भरपूर. (अभयारण्यात कुत्रा नेता येत नाही आणि नेऊही नये. मी लिहितेय ते गावालगतच्या रानाबद्दल.) या फिरण्यातून माझं एक मत पक्कं झालंय. पळणारा साप कुत्र्याला सहसा चावत नाही, चावतो तो जागचा न हलणारा. आमच्याकडे तो म्हणजे घोणस.

धामण, तस्कर, नानेटी चाहूल लागताच सटकतात. नागही बहुतेक वेळा वाट सोडतो. कुत्र्याने भुंकत त्याला कोंडलं, की मात्र फणा काढून उभा राहतो आणि मग चावतो. घोणस अंगावरच्या रंगावर भरवसा ठेवून पडून राहते. त्यामुळे काठी आपटत चाललं की साप बाजूला होतात हा सल्ला निम्माच खरा आहे. नाग आणि धामण जमिनीतल्या हादऱ्याने दूर जातील, घोणस आणि फुरसं तिथेच राहतील. काठी हातात असावी, पण ती पुढचं गवत बाजूला करून बघण्यासाठी.

सागाच्या वाळक्या पानांत पडलेली घोणस नजरेला कशी दिसते, ते एकदा नीट समजून घ्यावं. अंग जाड, रंग मातकट तपकिरी, पाठीवर लंबगोल ठिपक्यांच्या तीन ओळी. प्रत्येक ठिपक्याला काळी कड आणि तिच्याबाहेर बारीक पांढुरकी रेघ. मधल्या ओळीतले ठिपके कधी एकमेकांना चिकटून साखळीच तयार होते. डोकं त्रिकोणी, मानेपासून स्पष्ट वेगळं. पूर्ण वाढलेली घोणस साधारण एक ते सव्वा मीटर लांब असते. लोक तिला अजगराचं पिल्लू समजतात, नाहीतर डुरक्या घोणस. हा डुरक्या बिनविषारी आहे. त्याच्या पाठीवरचे डाग वेडेवाकडे, एकमेकांत मिसळलेले असतात आणि शेपूट आखूड, बोथट असते. पण कुत्रा बरोबर असताना ही ओळखपरेड करत बसू नये. अंगावर नक्षी असलेला जाडजूड साप दिसला की ती घोणसच धरून चालावं.

डिवचली की ती अंगाची वेटोळी आवळते आणि फुत्कारते. श्वास घेताना आणि सोडतानाही आवाज येतो, कुकरची शिट्टी होण्याआधी वाफ सुटते तसा, लांब आणि न थांबता. माणूस या आवाजाने मागे सरतो. कुत्रा मान वाकडी करतो आणि नाक पुढे करून काय आहे ते बघायला जातो. म्हणूनच कुत्र्यांना बहुतेक दंश नाकाडावर, ओठांवर नाहीतर पुढच्या पायांवर होतात.

त्यामुळे माझी सगळी तयारी कुत्र्याच्या नाकाभोवती आहे. लीश दीड ते दोन मीटरची, पक्क्या लांबीची. बटण दाबून सुटणारी पाच मीटरची लीश रानात वापरू नये. कुत्रा झुडपाच्या आत आणि आपण बाहेर, अशात साप आपल्याला दिसेपर्यंत कुत्रा त्याच्यावर पोचलेला असतो, आणि बारीक दोरी घाणेरीत अडकते ती वेगळीच. कुत्रा वाटेच्या मधोमध, माझ्या गुडघ्याशी. वारुळं, दगडांचे ढीग, बांबूची बेटं, तोडून टाकलेल्या फांद्या इथे हुंगायला थांबू देत नाही. मेलेल्या सापापाशी तर अजिबात नाही, कारण डोकं तुटल्यानंतरही बराच वेळ जबडा आपोआप मिटू शकतो आणि विष तसंच असतं.

वेळेचं गणित थोडक्यात: उन्हाळ्यात घोणस संध्याकाळनंतर हिंडते, थंडीत सकाळच्या उन्हाला पायवाटेवर येऊन पडते. पावसाळ्याच्या तोंडावर आणि पावसात तिची पिल्लं दिसतात. एका वेळी वीस-चाळीस पिल्लं सहज होतात आणि वीतभर पिल्लूही पहिल्या दिवसापासून विषारी असतं. अंधार पडल्यावर टॉर्चशिवाय निघायचं नाही, आणि उजेड समोर लांब न टाकता कुत्र्याच्या पावलांपुढे टाकायचा.

साप दिसला की थांबायचं. ओरडायचं नाही. लीश हाताला गुंडाळून आखूड करायची आणि आल्या वाटेने मागे यायचं. घोणस अंगाच्या निम्म्या लांबीपर्यंत सहज झेप घेते, म्हणून मी किमान तीन मीटर अंतर ठेवते. मग एकतर लांबून वळसा, नाहीतर परत. दगड मारून तिला हलवायला जाऊ नये. साप मारणं हा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ प्रमाणे गुन्हा आहे, आणि हललेली घोणस कुठल्या बाजूला जाईल याचा नेम नसतो.

कुत्रा मोकळा असेल तर त्याच्या मागे धावू नका. त्याला वाटतं तुम्हीही शिकारीत सामील झालात. त्याला एकदा जोरात नावाने हाक मारायची आणि उलट्या दिशेला पळायचं. बहुतेक कुत्री तुमच्यामागे येतात. हे जमायला घरी सराव हवा. पाण्याच्या जुन्या पाइपाचा तुकडा वाटेत टाकून ठेवायचा, कुत्र्याने त्याकडे नाक वळवलं की ‘सोड’ म्हणायचं, आणि तो वळून आला की खाऊ द्यायचा. पाइप रोज वेगळ्या जागी ठेवायचा, नाहीतर तो फक्त जागा शिकतो.

दंश झालाच, तर कुत्रा एकदम केकाटतो, मागे उडी मारतो, पंजाने तोंड घासतो किंवा पाय उचलून धरतो. केसांत दातांच्या खुणा सापडत नाहीत, त्या शोधण्यात वेळ घालवू नका. घोणशीच्या दंशाला काही मिनिटांतच सूज चढते आणि जखमेतून रक्त झिरपत राहतं. गळपट्टा आणि हार्नेस लगेच काढायचे, कारण नाकाडावरची सूज गळ्यापर्यंत उतरते आणि पट्टा रुतून श्वास अडतो. लीश कुत्र्याच्या कमरेभोवती सैल बांधायची.

कुत्र्याला चालवत नेऊ नका. चालताना स्नायू हलतात आणि विष वेगाने पसरतं. लहान कुत्रा उचलता येतो, पण तीस किलोच्या लॅब्रेडॉरला एकट्याने वाहून नेणं अवघड. म्हणून माझ्या सॅकमध्ये एक जाड सुती चादर कायम असते. दोघांनी चार टोकं धरली की तिचा स्ट्रेचर होतो. दुखणारं कुत्रं मालकालाही चावतं, तेव्हा हात तोंडापासून लांब ठेवा. पण तोंडाला मुसकं बांधू नका, सूज किंवा उलटी आली तर गुदमरेल. सूज कुठवर आली तिथे पेनाने रेघ आणि वेळ लिहून ठेवली तर डॉक्टरांना फार उपयोग होतो.

आवळून दोरी बांधू नका. घोणशीचं विष मांस कुजवतं आणि दोरीने ते एकाच जागी साठतं. चिरा देऊ नका, रक्त गोठणं बंद झालेलं असतं, चीर वाहतच राहते. बर्फ, चुना, झाडपाला, काही नाही.

सगळ्यात जास्त वेळ वाया जातो तो दवाखाने शोधण्यात. प्राण्यांच्या प्रत्येक दवाखान्यात एएसव्ही (सापाच्या विषावरचं औषध, अँटी-स्नेक व्हेनम) नसतं. म्हणून पावसाळ्याआधी फोन करून विचारून ठेवावं: आत्ता कुप्या किती आहेत, मुदत कधीपर्यंत आहे, रात्री कोण असतं, ऑक्सिजन आहे का. दंशानंतरचा फोन एवढाच: ‘घोणस असावी, कुत्रा इतक्या किलोचा, इतक्या मिनिटांत येतोय.’

दवाखान्यात आधी रक्त गोठतं का ते बघतात. दोन मिली ताजं रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घ्यायचं, वीस मिनिटं नळीला हात लावायचा नाही, मग एकदाच आडवी करायची. रक्त वाहिलं तर विष रक्तात पसरलंय. नळी प्लास्टिकची किंवा साबणाने धुतलेली असेल तर निकाल चुकतो, कारण या तपासणीत रक्त काचेच्या स्पर्शाने गोठतं.

एएसव्ही माणसांचंच, नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर चालणारं. कुपीतली पूड दहा मिली पाण्यात विरघळवतात. कुपी जोरात हलवायची नाही, फेस होतो, हळू फिरवत राहायचं. मग सलाईनमधून शिरेत देतात. डोस कुत्र्याच्या वजनावर ठरत नाही, सापाने किती विष सोडलं त्यावर ठरतो. म्हणून ‘लहान कुत्रा आहे, अर्धी कुपी पुरे’ हा हिशेब चुकीचा. वजनाप्रमाणे कमी होतं ते फक्त सलाईनचं पाणी. औषध घोड्याच्या रक्तातून बनतं, त्यामुळे पित्त उठणं, उलटी, धाप असा त्रास होऊ शकतो. तेव्हा थांबवून अ‍ॅड्रेनलिन देतात आणि मग पुन्हा हळू सुरू करतात. हे घरी करायचं काम नाही.

रक्ताची तपासणी सहा तासांनी पुन्हा होते. विष मारलं गेलं तरी रक्त गोठवणारे घटक यकृताला नव्याने बनवावे लागतात आणि त्याला तेवढा वेळ लागतो. तासाभरात तपासून ‘गुण नाही’ म्हणण्यात अर्थ नाही. एएसव्हीने सूज उतरत नाही, कुजलेलं मांस परत येत नाही, ते फक्त रक्तात फिरणारं विष निकामी करतं. उशीर महाग पडतो तो यामुळे. मेलोक्सिकॅमसारखी वेदनाशामकं आणि स्नायूत दिलेली इंजेक्शनं टाळावी लागतात, पहिल्याने मूत्रपिंडावर ताण येतो आणि दुसऱ्याने आत रक्त साकळतं.

नागाची लक्षणं वेगळी असतात. पापण्या जड होतात, लाळ गळते, मागचे पाय लटपटतात. तिथे एएसव्हीच्या जोडीला निओस्टिग्मिन (लुळ्या पडलेल्या स्नायूंना हलवणारं औषध) आणि त्याचे दुष्परिणाम आवरायला अ‍ॅट्रोपिन देतात. मण्यारीच्या दंशाला सूज जवळजवळ नसते, खूण दिसत नाही, आणि कुत्रा काही तासांनी अचानक ढेपाळतो. तिला निओस्टिग्मिनचा फारसा उपयोग होत नाही, श्वास कृत्रिमरीत्या चालू ठेवावा लागतो. घाटातल्या हिरव्या चापड्या सापावर आपलं एएसव्ही तयारच केलेलं नाही. त्याच्या दंशात सूज आणि वेदना यांवरच उपचार होतात, आणि जीव सहसा जात नाही.

घोणशीतून वाचलेल्या कुत्र्याचं पुढचं लक्ष लघवीवर. किती करतो, रंग कसा आहे ते रोज बघायचं. लघवी लाल, कॉफीसारखी झाली किंवा थांबली तर त्याच दिवशी डॉक्टर. दिसायला कुत्रा ठीक असला, जेवत असला, तरी पहिल्या दोन-तीन दिवसांत क्रिएटिनिनची (मूत्रपिंडं नीट चालतात का ते दाखवणारी) रक्ततपासणी रोज करून घ्यावी. घोणशीच्या दंशात मूत्रपिंडं उशिराने बंद पडतात, आणि तोवर बरेच जण सुई काढून कुत्र्याला घरी घेऊन आलेले असतात.