पेटीवरचा दिवा, तिसरा बोर्ड: १०० मिलिअँपिअर गेले कुठे?

आजीच्या पेटीवर नोटेशनच्या वहीपुरता दिवा, एवढंच मूळ काम. ३ वॅटचे चार एलईडी सिरीजमध्ये, २४ व्होल्टचा ॲडॅप्टर आणि एलईडीचा करंट ठरलेला ठेवणारी पीटी४११५ चिप. गणित सोपं: ही चिप सेन्स रेझिस्टरवर (ज्यावरून ती करंट मोजते) ०.१ व्होल्ट राखते. ०.१५ ओहम लावला की ६६७ मिलिअँपिअर मिळायला हवेत.

मिळाले ५६७.

आधी रेझिस्टरवर संशय घेतला. इंदूरच्या महाराणी रोडवरून आणलेला, दुकानदार म्हणालाच होता, "भिया, एकदम सही माल है." पण साध्या मल्टिमीटरवर ०.१५ ओहम मोजायचं म्हणजे हसंच. नुसत्या प्रोबच ०.३ दाखवतात. मग दिवा चालू ठेवूनच मिलिव्होल्ट मोजले. चिपच्या दोन पायांत १००, अगदी बरोबर. रेझिस्टरच्या अंगावर ८५. उरलेले १५ वायरमध्ये!

दोष माझाच. झिरो पीसीबीवर (नुसत्या भोकांच्या बोर्डवर) जागा नव्हती म्हणून रेझिस्टर बाजूला बसवून दोन्हीकडून १५-१५ सेंमी बारीक वायर ओढली होती. ०.२ चौरस मिमीच्या तांब्याच्या वायरचे ३० सेंमी म्हणजे सुमारे २६ मिलिओहम. एरवी कोण मोजतो? पण इथे मूळ रेझिस्टरच १५० मिलिओहमचा, त्यात चिपला हे २६ही त्याचेच वाटतात. काल रात्री रेझिस्टर थेट पायांना डकवला. मीटरवर ६६०. बस्स.

इंडक्टरही (चिपजवळची तारेची गुंडाळी) बदललाय. पहिला ६८ मायक्रोहेन्रीचाच होता, पण रेझिस्टरसारखा दिसणारा बारका. पाच मिनिटांत बोट ठेववेना. नुसती हेन्री बघून माल घेऊ नका, तो किती करंट सोसतो तेही विचारा. आता जाड ड्रमवाला आहे, कोमट राहतो. दोन तास चालवला: एलईडी तापून त्यांचा व्होल्टेज १३.१ वरून १२.७ वर उतरला, करंट जागचा हलला नाही.

राहिलं डिमिंग. चिपच्या डिम पायाला आर्डुइनो उनो या छोट्या कंट्रोलर बोर्डाचा पीडब्ल्यूएम (भराभर चालू-बंद होणारा सिग्नल) दिला आणि दिवा मंद करताच इंडक्टर गुणगुणायला लागला. आजीने पेटीवर बोट ठेवून सांगितलं, "पांढरी सात आहे रे, जराशी उतरलेली." उनोच्या त्या पिनची फ्रिक्वेन्सी ४९० हर्ट्झ, पांढरी सात, म्हणजे पेटीची सातवी पांढरी पट्टी, ४९४. पिन ५ वर नेला तर ९८० होईल, म्हणजे तोच सूर वरच्या सप्तकात.