न मिळालेला खलिता

मंगळवार, रात्री उशिरा

सकाळपासून अमेरिकेचे राजदूत जोसेफस डॅनियल्स यांची मेक्सिकोतली कारकीर्द डोक्यात घोळतेय. वकिलातीत परराष्ट्र खात्याबाहेरचा माणूस बसला की लोक आधी म्हणणार, वशिला. इथे तो होताच. पहिल्या महायुद्धात डॅनियल्स नौदलमंत्री आणि फ्रँकलिन रूझवेल्ट त्यांच्या हाताखालचे सहायक सचिव. १९३३ साली हाताखालचा अध्यक्ष झाला आणि सत्तरीच्या या वृत्तपत्रवाल्याला मेक्सिको मिळालं. पत्रव्यवहार जुन्याच थाटात चालू राहिला: राजदूत लिहिणार 'डियर फ्रँकलिन', अध्यक्ष उत्तर देणार 'चीफ'ना.

निवड तशी आचरटच. १९१४ मध्ये मेक्सिकोच्या व्हेराक्रूझ बंदरात अमेरिकी सैनिक उतरले ते याच डॅनियल्सांच्या खात्याच्या हुकमाने. नेमणूक जाहीर झाली आणि मेक्सिको शहरात अमेरिकी वकिलातीवर दगड पडले. त्यात गृहस्थांना स्पॅनिश येत नव्हतं.

१९३४ मध्ये चूकही नवख्याचीच झाली. मेक्सिकोतल्या शिक्षणाची तारीफ करताना तिथले माजी अध्यक्ष काय्येस यांच्या भाषणातला उतारा घेतला. मूळ भाषण चर्चच्या हातून मुलं काढून घेण्याबद्दलचं. अमेरिकेतल्या कॅथलिकांनी यांना परत बोलवा म्हणून काहूर उठवलं. मुरलेल्या कारकुनाने तो उतारा खोडला असता.

पण खरी गंमत १९३८ची. तेल कामगारांना वर्षाला २ कोटी ६० लाख पेसो वाढवून द्या, असा लवादाचा निवाडा. सर्वोच्च न्यायालयाने तो उचलून धरला, अमेरिकी-ब्रिटिश कंपन्या अडून बसल्या, आणि १८ मार्चला मेक्सिकोचे अध्यक्ष कार्देनास यांनी तेलधंदा सरकारजमा केला. २६ तारखेला अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री हल यांचा कडक खलिता सुटला. खलिता एकदा रीतसर पोचला की समोरच्याला रीतसर उत्तर द्यावं लागतं, ते छापून येतं, मग दोन्ही बाजूंना मागे सरकता येत नाही. डॅनियल्सनी खलिता दिला खरा, पण मेक्सिकोचे परराष्ट्रमंत्री एदुआर्दो आय यांच्याशी ठरवलं की तो मिळालाच नाही असं धरायचं! ३१ मार्चला कार्देनास यांचं भरपाईचं आश्वासन हातात आलं. आपला खलिता 'मिळालेला नाही' हे हल यांच्या खात्याला कळलं ते फार पुढे.

नोकरीतल्या माणसाने हे केलं असतं तर बढती गेली असती. डॅनियल्सना बढती नकोच होती, आणि थेट अध्यक्षांना पत्र टाकायची सोय होती. आज्ञाभंग तो आज्ञाभंगच, पण माझं मत त्यांच्याच बाजूने पडतं.

शेजारी ब्रिटिशांचं काम खात्यातल्या माणसाकडे, सगळं नियमाने. मे महिन्यात लंडनने जुन्या थकबाकीचा हप्ता मागितला. मेक्सिकोने धनादेश हातावर ठेवला आणि संबंधच तोडले.

अमेरिकेशी तडजोडीच्या सह्या नोव्हेंबर १९४१ मध्ये झाल्या. पुढच्या एप्रिलात दोन देशांच्या एकेका तज्ज्ञाने मिळून भरपाई ठरवली, सुमारे २ कोटी ४० लाख डॉलर. सह्यांच्या वेळी डॅनियल्स मेक्सिकोत नव्हतेच. पत्नीची तब्येत खालावली म्हणून राजीनामा देऊन ते नॉर्थ कॅरोलायनातल्या रॅली शहरी, घरी परतले होते.