आठ म्हणजे आठ

बी.एस्सी. नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला कॉलेजने आम्हाला वेदना या विषयावरचा ऑनलाइन कोर्स करायला लावला. सहा भाग, प्रत्येकाच्या शेवटी क्विझ, आणि 80 टक्के मिळाल्याशिवाय पुढचा भाग उघडत नाही. पहिले दोन मी जेवता जेवता, व्हिडिओ दीडपट वेगाने लावून उरकले. लक्षात राहिला तो मेल्झॅक आणि वॉल यांचा 1965 चा गेट कंट्रोल सिद्धांत: स्पर्शाचे संदेश मज्जारज्जूतलं जणू एक फाटक लोटून घेतात, मग वेदनेचे संदेश मेंदूपर्यंत कमी पोचतात. मार लागला की आपला हात आपसूक तिथे चोळायला का जातो, ते तेव्हा कळलं.

तिसऱ्या भागात अडकले. केस अशी: पोटाच्या ऑपरेशनचा दुसरा दिवस, पंचविशीतला पेशंट, भेटायला आलेल्या मित्राशी हसतखिदळत बोलतोय. बीपी, नाडी नॉर्मल. किती दुखतंय विचारलं तर म्हणतो, दहापैकी आठ. चार्टवर किती लिहाल? मी 4 लिहिलं. चूक. मग 5. (भाजीवालीशी करतात तशी घासाघीस.) पुन्हा चूक. उत्तर होतं 8. ज्याला दुखतंय तो सांगेल तीच वेदना, हे मार्गो मॅककॅफरी या नर्सने 1968 मध्येच मांडलं होतं म्हणे. मला रागच आला. "नाटकं करतोय" असं वॉर्डात आम्ही किती सहज म्हणायचो, ते आठवल्यामुळेही असेल.

चौथा-पाचवा भाग औषधांचा, घोकून पास झाले. सहाव्यात खऱ्या पेशंटशी बोलून फॉर्म भरायचा होता. मेडिसिन वॉर्डात मधुमेहाच्या एक आजी होत्या, कोल्हापूरकडच्या.

"आजी, शून्य म्हणजे अजिबात दुखत नाही, दहा म्हणजे सहनच होत नाही. तुम्हाला किती?"

"दुखत न्हाई गं पोरी."

मी 0 लिहिलंसुद्धा. फॉर्म मिटणार, तेवढ्यात त्या म्हणाल्या, "नुसती आग हुतीया. मिरच्या चोळल्यागत. पायावर गोधडी सोसवत न्हाई."

आग, मुंग्या, करंट बसल्यासारखी सणक, नुसत्या स्पर्शानेही त्रास: नसांच्या दुखण्याची ही लक्षणं मी चारच दिवसांपूर्वी इंग्रजीत पाठ केली होती. साध्या वेदनाशामक गोळीने ते सहसा भागत नाही, औषधं वेगळी लागतात. पण आजींच्या लेखी दुखणं म्हणजे ठणका. आग हे दुखणं नव्हेच.

शून्य खोडलं. "मग ही आग किती?"

"दिवसा पाच घाल. रातच्याला तुजं धा पुरायचं न्हाईत."

रात्रीच्या रकान्यात मी 10 लिहिलं, खाली त्यांचं वाक्य जसंच्या तसं उतरवलं आणि फॉर्म पाठवायच्या आधी सिस्टरांना दाखवायला गेले.